गोष्ट पुढं कुठं जायची, हे कुणी ठरवायचं?

आजचा विषय ऐकून कुणी म्हणेल, बचत गटाच्या बाईला हे काय सुचलं? आज मी मोबाइलवरच्या आणि कॉम्प्युटरवरच्या खेळांविषयी बोलणार आहे. बैठकीत हप्त्यांचं काम संपलं की पोरांच्या मोबाइलवर बोलणं येतंच. "दिवसभर त्यातच डोकं घालून बसतो," असं आपण म्हणतो. पण पोरगं नेमकं काय खेळतं, हे आपण क्वचित विचारतो. सगळे खेळ सारखे नसतात. पैसे लावून खेळायचा रमीसारखा खेळ वेगळा. त्याला २०२५ च्या केंद्र सरकारच्या कायद्यानं मनाई केली आहे. नुसतं पळायचं, उड्या मारायच्या, गोळ्या झाडायच्या, तो खेळ वेगळा. आणि गोष्टीतलं एक माणूस व्हायचं, त्याच्या जागी उभं राहून "आता मी काय करू?" हे ठरवायचं, तो खेळ आणखी वेगळा. याला इंग्रजीत रोल प्लेइंग गेम म्हणतात. आपण त्याला भूमिकेचा खेळ म्हणू.

या खेळात खेळणाऱ्याला निवड करावी लागते आणि त्या निवडीप्रमाणे गोष्ट पुढं जाते. पण कधी ती निवड खरी असते, कधी नुसती दाखवायची असते. हा फरक आज समजून घेऊ. तो आपल्या घरात आणि गटातही उपयोगी पडणारा आहे.

सापशिडी आणि सोंगट्या

आपल्या ओळखीच्या खेळांपासून सुरुवात करू. सापशिडी सगळ्यांनी खेळलेली आहे. तिचं जुनं रूप म्हणजे मोक्षपट. मराठी परंपरेत तो ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडला जातो. त्याच्या घरांत चांगले गुण आणि दुर्गुण लिहिलेले असत. गुणाच्या घरातून शिडीनं वर जायचं, दुर्गुणाच्या घरातून सापाच्या तोंडून खाली यायचं. उपदेश चांगला आहे. पण बघा, खेळणारीनं चांगलं काही केलेलं नसतं आणि वाईटही केलेलं नसतं. कवड्या पडतील तसं ती जाते. तिच्या हातात काही नाही.

आता सोंगट्या घ्या. दान इथंही नशिबाचंच पडतं. पण कुठली सोंगटी पुढं न्यायची, समोरच्याची मारायची की आपली वाचवायची, हे आपण ठरवतो. एकच दान दोघींना पडलं तर दोघी वेगळं खेळतील. कोण धाडसी, कोण जपून पावलं टाकणारी, हे चार डावांत कळून येतं.

हेच पुढं नेऊन १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ काढला. एकानं गोष्ट सांगायची. बाकीच्यांनी त्यातली एकेक भूमिका घ्यायची. "समोर बंद दार आहे, आतून रडण्याचा आवाज येतो, तू काय करशील?" असं सांगणाऱ्यानं विचारायचं. खेळणाऱ्यानं उत्तर द्यायचं. ते जमलं की फसलं, हे फाशावर बघायचं. पुढं सांगणाऱ्याची जागा कॉम्प्युटरनं घेतली आणि आजचे भूमिकेचे खेळ तयार झाले.

आंधळ्या बाईचं दुकान

१९८५ साली रिचर्ड गॅरियट या अमेरिकन माणसानं 'अल्टिमा' या मालिकेतला चौथा खेळ काढला. त्याचं पूर्ण नाव 'क्वेस्ट ऑफ द अवतार'. अवतार हा आपलाच शब्द, त्यानं तो आपल्या खेळात वापरला. त्याआधीच्या खेळांत शेवटी एक दुष्ट मारायचा असे. या खेळात तसा दुष्टच नाही. प्रामाणिकपणा, दया, शौर्य, न्याय अशा आठ गुणांत आपण स्वतः पुरं उतरायचं, हाच खेळ.

त्यात जडीबुटीचं एक दुकान आहे. दुकानदार बाई आंधळी आहे. आपण माल घेतो आणि पैसे किती ठेवायचे ते आपणच सांगतो. कमी दिले तरी तिला दिसत नाही. कुणी ओरडत नाही, पोलीस येत नाही. माल मिळतो. खेळणाऱ्याला वाटतं, बरं झालं, पैसे वाचले. पण खेळ मनातल्या मनात नोंद ठेवतो. बऱ्याच वेळानं, प्रामाणिकपणात आपण कुठवर आलो हे बघायची वेळ येते, तेव्हा कळतं की आपण मागंच पडलो आहोत. का, ते आपलं आपल्याला आठवतं.

या छोट्याशा दुकानात खऱ्या निवडीच्या सगळ्या खुणा आहेत. दोन्ही वाटा खरोखर उघड्या होत्या. आपण काय करतो आहोत, हे आपल्याला माहीत होतं. प्रत्येक वाटेची काही किंमत होती: एकीकडं पैसे जातात, दुसरीकडं नाव. आणि केलेलं विसरलं गेलं नाही. वाट उघडी, माहिती पुरती, किंमत खरी आणि आठवण पक्की, या चार गोष्टी लक्षात ठेवा.

एवढ्या गोष्टी लिहितं कोण?

तुम्ही विचाराल, प्रत्येक निवडीला वेगळी गोष्ट, मग एवढ्या गोष्टी कोण लिहितं? प्रश्न बरोबर आहे. प्रत्येक ठिकाणी दोनच वाटा धरल्या आणि अशी दहा वळणं आली, तर १,०२४ वेगवेगळ्या गोष्टी होतात. एवढ्या कुणीच लिहू शकत नाही. म्हणून खेळ करणारे दोन युक्त्या वापरतात.

पहिली युक्ती आपल्या पंचगंगेसारखी. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती वेगवेगळ्या खोऱ्यांतून येतात आणि प्रयाग चिखलीच्या संगमापर्यंत सगळ्या एका पात्रात मिळतात. खेळातल्या गोष्टीही वाट सोडून जातात आणि पुढं एका ठिकाणी मिळतात. पण कुठल्या खोऱ्यातून आलो, त्याप्रमाणे गाळ वेगळा येतो. एकीला संगमावर सोबती भेटतो, दुसरीचा सोबती मागंच गेलेला असतो.

दुसरी युक्ती म्हणजे नोंदवही. आपल्या गटात कुणी हप्ता वेळेवर भरला, कुणी बैठक चुकवली, हे वहीत असतं आणि पुढचं कर्ज देताना ते पान उघडलं जातं. खेळही असंच करतो. "हिनं म्हाताऱ्याला पाणी दिलं," एवढी बारीक नोंद ठेवतो आणि दहा प्रसंगांनंतर तो म्हातारा किंवा त्याचा मुलगा दार उघडून देतो. मग खेळणारीला वाटतं, ही गोष्ट माझी आहे.

नुसतं विचारल्यासारखं करणं

आता उलटं उदाहरण. कॅनडाच्या बायोवेअर कंपनीनं 'मास इफेक्ट' नावाचा खेळ तीन भागांत काढला, २००७, २०१० आणि २०१२ साली. पहिल्या भागात आपल्या निर्णयामुळं एखादा सोबती मेला, तर तो दुसऱ्या भागात दिसत नाही. लोकांनी पाच वर्षं जीव लावून निवडी केल्या. तिसऱ्या भागाच्या शेवटी मात्र तीन पर्याय आले आणि कुठलाही घेतला तरी जवळजवळ सारखंच दृश्य, फक्त उजेडाचा रंग वेगळा. खेळणारे भयंकर चिडले. इतके, की कंपनीला त्याच वर्षी जूनमध्ये शेवटाचा मोठा भाग तयार करून फुकट द्यावा लागला.

शेवट दुःखाचा झाला, एवढ्यावरून लोक चिडले नव्हते. दुःखाची गोष्ट माणूस सोसतो. त्यांचं म्हणणं होतं, शेवट आधीच ठरला होता, तर आम्हाला एवढं विचारलंत कशाला?

मैत्रिणींनो, हे आपल्याला नवं आहे का? "आज भाजी कुठली करू?" हे घरात आपल्याला विचारतात. रान विकायचं का, पोरीला बारावीनंतर पुढं शिकवायचं का, हे ठरल्यावर सांगतात. कुठं कुठं ठराव आधीच लिहिलेला असतो आणि बायकांना म्हणतात, "ताई, वाचा आणि सही करा," आणि वाचायच्या आतच पेन हातात देतात. सही आपली असते, निर्णय आपला नसतो. खेळात हे चाललं तर पोरं चिडतात. आपल्या आयुष्यात चालतं तेव्हा आपण म्हणतो, चालायचंच.

निवड कुणाच्या हातात?

२०१५ साली पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेड या कंपनीनं 'द विचर ३' काढला. हा मोठ्या माणसांचाच खेळ आहे, मुलांच्या हातात द्यायचा नाही. पण त्यातलं एक प्रकरण जगभर वाखाणलं गेलं आणि ते आपल्या कामाचं आहे.

एक जहागीरदार असतो. दारू पितो, बायकोला मारतो. एके रात्री बायको आणि वयात आलेली मुलगी घर सोडून जातात. तो नायकाला म्हणतो, "माझी माणसं शोधून दे." आपण नायकाच्या जागी असतो. आधी नवऱ्याची बाजू ऐकू येते. मग हळूहळू दुसरी बाजू कळते. खेळ त्याचा गुन्हा झाकत नाही, पण त्याला राक्षसही करत नाही. पुढं टेकडीखाली अडकलेला एक आत्मा म्हणतो, "मला सोडव, मी अनाथ पोरांना वाचवतो." खरं बोलतो की खोटं, कळायला मार्ग नाही. सोडवला तर पोरं वाचतात, पण जवळचं गाव उद्ध्वस्त होतं आणि ती बायको जिवाला मुकते. नाही सोडवला तर बायको जिवंत राहते, पण भानावर नसते आणि पोरं जातात. सगळ्यांचं भलं होईल अशी वाट तिथं नाही.

ही निवड लोकांच्या मनात घर करून राहिली, कारण तिची किंमत खरी आहे. हे बरोबर, ते चूक, असं वर लिहिलेलं नाही. ज्या खेळात चांगल्या उत्तराला बक्षीस आणि वाईटाला शिक्षा हे आधीच दिसतं, तिथं माणूस विचार करत नाही, नुसतं बक्षीस उचलतो.

पण बाई म्हणून मला एक गोष्ट खटकते. त्या बायकोनं स्वतःची म्हणावी अशी एक मोठी निवड केली, घर सोडायची. पुढं तिचं काय व्हायचं, हे नवरा ठरवतो, नायक ठरवतो आणि खेळणारा ठरवतो. तिला कुणी विचारत नाही. म्हणून गोष्ट ऐकताना आणखी एक प्रश्न विचारायचा: निवड आहे खरी, पण आहे कुणाच्या हातात?

खऱ्या आयुष्यात अशा बाईला घर सोडून जाणं ही एकच वाट नाही, हेही सांगते. २००५ च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्यानं तिला राहत्या घरात राहण्याचा हक्क दिला आहे. मदतीसाठी १८१ हा नंबर आहे. वाट आहे, पण माहीत नसेल तर ती बंदच समजायची. म्हणून मघाच्या चार गोष्टींत माहिती मी मुद्दाम मोजली.

आपल्या देशातले दोन खेळ

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या कंपनीनं २०२० साली 'राजी' हा खेळ काढला. राजी ही डोंबाऱ्यासारख्या कसरती करणारी पोर. राखीच्या सणाला असुर तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, पळवून नेतात आणि ती त्याला सोडवायला निघते. दुर्गा आणि विष्णू तिला साथ देतात. पुण्यात तयार झालेला, मुलगी नायिका असलेला हा खेळ जगभर खेळला गेला. यात कुठलं बळ वाढवायचं, कसं लढायचं, हे आपण ठरवतो. गोष्ट मात्र एकाच वाटेनं जाते. हा दोष नाही. कीर्तनात आपण कथेला फाटे फोडत नाही, तरी रंगून ऐकतो. प्रत्येक गोष्टीत निवड हवीच असं नाही. मात्र देतो म्हणून सांगितलं, तर ती खरी द्यायला हवी.

दुसरा खेळ कोलकात्याचा, २०१६ सालचा, 'मिसिंग' नावाचा. लीना केजरीवाल या छायाचित्रकार. पळवून नेलेल्या मुलींचा प्रश्न लोकांना दिसावा म्हणून त्यांनी भिंतींवर मुलींच्या काळ्या सावल्या रंगवण्याचं काम उभं केलं. पुढं त्यांनी मोबाइलवरचा हा खेळ करून घेतला. यात खेळणारा स्वतः ती फसवून नेलेली मुलगी होतो. समोरच्याशी काय बोलायचं, गप्प बसायचं की पळायचं, हे त्याला ठरवावं लागतं. बऱ्याच वाटा बंद निघतात.

इथं निवडी कमी आहेत आणि त्या मुद्दाम कमी आहेत. "ती पळून का आली नाही? ओरडली का नाही?" असं लोक सहज विचारतात. जो दहा मिनिटं तिच्या जागी बसतो, त्याला कळतं की दार दिसत होतं, पण कडी बाहेरून होती. भाषणानं जे पटत नाही, ते कधी कधी भूमिका घेतल्यावर पटतं. आपल्या गावातलं मूल हरवलं, कुणी नोकरीच्या नावानं पोरीला घेऊन जातंय असा संशय आला, तर १०९८ हा मुलांसाठीचा नंबर लावायचा, हेही याच ठिकाणी सांगते.

पन्हाळ्याची गोष्ट खेळात आली तर?

आपल्या गडाचाच प्रसंग घेऊ. १६६० चा वेढा. मार्चपासून सिद्दी जौहर गडाखाली बसलेला. राजापूरचे इंग्रज तोफा घेऊन त्याच्या मदतीला आलेले. नेताजी पालकरांनी बाहेरून वेढा फोडायचा प्रयत्न केला, तो फसला. पाऊस सुरू झाला तरी वेढा उठेना. जुलैमधल्या त्या रात्री महाराज मोजक्या मावळ्यांसह विशाळगडाकडं निघाले. गडाच्या पायथ्याच्या नेबापूरचे शिवा काशीद महाराजांचं रूप घेऊन दुसऱ्या पालखीत बसले आणि शत्रूच्या हाती सापडले. बाजीप्रभूंनी घोडखिंड अडवली. पुढचं सगळ्यांना पाठ आहे.

या प्रसंगावर खेळ केला, तर इतिहास बदलून चालणार नाही. शिवा काशीद वाचले, बाजीप्रभू मागं फिरले, असा शेवट दाखवला तर तो आपला इतिहासच राहणार नाही. मग निवडीला जागा कुठं? जागा आहे, पण थोरामोठ्यांच्या निर्णयात नाही, साध्या माणसांत आहे. खेळणारीला गडावरची एक बाई करा. अंबारखान्यातलं धान्य वाटायचं काम तिच्याकडं. आजारी म्हातारीला चार मुठी जास्त द्यायच्या की पहाऱ्यावरच्या माणसाला? रात्री नवरा पालखीबरोबर जाणार हे तिला कळलंय. शेजारणीला सांगायचं की मन घट्ट करून गप्प राहायचं? सांगितलं तर बातमी फुटू शकते. नाही सांगितलं तर शेजारणीचा नवराही त्याच वाटेनं जाणार आहे आणि ती त्याला नीट निरोपही देऊ शकणार नाही.

शेवट काहीही केलं तरी तोच. पण ती सकाळ तिच्यासाठी कशी उगवली, हे तिच्या निवडींनी ठरतं. काय घडलं हे इतिहास सांगतो. त्या वेळी निर्णय घेणं किती कठीण होतं, हे असा खेळ सांगू शकतो. नेबापूरजवळून जाताना आपण हात जोडतो. त्या माणसापुढं दुसरी वाटही होती, हे ध्यानात घेऊन हात जोडले तर त्याचं मोल जास्त कळतं.

बैठकीत करून बघा

यासाठी मोबाइल लागत नाही, नेट लागत नाही. एकीनं गोष्ट सांगायची आणि मध्ये थांबायचं. नमुना देते.

एका बाईला गटातून शेळ्यांसाठी २०,००० रुपये कर्ज मिळालं. त्याच दिवशी जाऊबाईला दवाखान्यात नेलं. घरचे म्हणतात, पैसे आधी तिकडं दे, शेळ्या नंतर बघू. तीन वाटा आहेत. सगळे द्यायचे. निम्मे देऊन एकच शेळी घ्यायची. किंवा गटाला विचारल्याशिवाय हात लावणार नाही म्हणायचं. आता प्रत्येकीनं त्या बाईच्या जागी बसून सांगायचं, मी काय करीन आणि का. मग तीन महिने पुढं जायचं. हप्ता आलाय. जिनं सगळे दिले, तिच्याकडं शेळी नाही, पण जाऊबाई आता तिच्या बाजूनं बोलते. जिनं निम्मे दिले, तिची शेळी गाभण आहे, पण घरात दोघीही पुरत्या खूश नाहीत. जिनं आधी गटाला विचारलं, तिला गटानं तातडीचं वेगळं कर्ज दिलं, आता दोन हप्ते भरायचे आहेत.

सांगणारीनं चार पथ्यं पाळायची. कुठलीच वाट नुसती नावाला ठेवायची नाही. ठरवायला लागेल तेवढी माहिती आधी द्यायची. प्रत्येक वाटेला काहीतरी किंमत ठेवायची. आणि आधी कुणी काय निवडलं, ते वहीत लिहून पुढं त्याची आठवण काढायची. "हे चुकलं तुझं," असं मध्येच म्हणायचं नाही. नाहीतर बाया सांगणारीला आवडेल तेच उत्तर देतात आणि खेळ तिथंच संपतो.

घरात पोरगं किंवा पोरगी गोष्टीचा खेळ खेळत असेल, तर "बंद कर" म्हणायच्या आधी एकदा शेजारी बसून विचारा: "तू आत्ता कोण आहेस? काय ठरवलंस? दुसरी वाट घेतली असतीस तर काय झालं असतं?" आधी जरा लाजतील, मग सांगतील. खेळ कसा आहे ते तुम्हाला त्यावरून कळेल. पैसे भरल्याशिवाय पुढची वाट उघडत नसेल, तर तो खेळ निवड देत नाही, विकतो. त्याला आवर घालायला हरकत नाही.

पुढच्या बैठकीत दोन प्रश्न वहीत लिहा. गेल्या वर्षभरात आपल्या घरात किंवा गटात आपल्याला खरोखर विचारून झालेला एक निर्णय कोणता? आणि नुसतं विचारल्यासारखं करून झालेला कोणता? उत्तरं मोठ्यानं वाचायची सक्ती नाही. आधी आपली आपल्याला ती दिसली पाहिजेत. गटात गोष्टीचा खेळ करून बघितलात, तर कुठल्या वळणावर वाद झाला ते आम्हाला कळवा. त्यातली एखादी गोष्ट पुढच्या भागात रेडिओवर सांगू आणि पुढची वाट ऐकणाऱ्या सगळ्याजणींना विचारू.